मगरबाईंचा पुढचा दात

समोर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि पाठ वळली की मगरबाई. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण का पडलं ते तलावावर पहिल्यांदा आलेल्या माणसालाही घटकाभरात कळायचं. पोहायला शिकवताना त्या उथळ बाजूला गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहत. अंग हलायचं नाही, नुसते डोळे फिरायचे. एखादं पोरगं कठडा धरून टंगळमंगळ करायला लागलं, की पाण्यावर साधी रेघही न उमटवता त्या त्याच्या मागे जाऊन उभ्या. मग कानाशी अशी शिट्टी वाजायची की पोरगं कठडा सोडून आपोआप हातपाय मारायला लागायचं. अर्ध्या गावाला त्यांनी असंच पोहायला शिकवलं होतं. ज्यांना शिकवलं त्यांची पोरं आता शिकायला येत, आणि बाप बाकावर बसून पोरांना दम देत, "नीट कर हं, मगरबाई बघतायत."

आपल्याला मगर म्हणतात हे बाईंना माहीत होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. नवऱ्याला त्या सांगायच्या, "बदक म्हणाले असते ना, तर राजीनामा दिला असता."

त्या कधी हसत नाहीत हाही त्यांच्या नावलौकिकाचा एक भाग होता. कडक बाई, दगडाची बाई, असं लोक म्हणायचे. खरं कारण वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डाव्या दातात होतं, आणि ते घरच्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

लेक लहान असतानाची गोष्ट. एका धटिंगणानं मित्रांशी पैज लावून खोल बाजूला उडी मारली आणि लगेच गटांगळ्या खायला लागला. बाईंनी मागून जाऊन त्याला काखेत धरलं. बुडणाऱ्याला वाचवणारा आणि बुडवणारा यातला फरक कळत नसतो. त्यानं जीव खाऊन मागे डोकं झाडलं, ते सरळ बाईंच्या तोंडावर आपटलं. धटिंगण वाचला, कपडे घालून घरीही गेला. दात जागेवरच राहिला, पण आतून मेला. पुढे हिरडी सुजली, रात्र रात्र ठणका लागला, तेव्हा रूट कॅनाल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, "ठणका थांबेल, पण हा दात आता वाळक्या काटकीसारखा आहे. कॅप बसवून घ्या." बाई हो म्हणाल्या. मग लेकीची शाळा आली, सासूबाईंचं अंथरूण आलं, तलावाचं काम निघालं. दात दुखत नव्हता, त्यामुळे कॅपचं राहून गेलं ते गेलंच.

न दुखणारा तो दात हळूहळू पिवळा पडला, मग राखाडी, मग शिसपेन्सिलीच्या टोकासारखा. बाईंनी वरचा ओठ खाली ओढून बोलायची सवय लावून घेतली. हसू आलं तर त्या ते नाकातून सोडायच्या. लग्नकार्यातल्या फोटोंत सगळ्यांचे दात आणि बाईंचा मिटलेला ओठ. इतकी वर्षं त्यांनी तो दात असा सांभाळला, जणू घरात कुणाला दाखवायचा नाही असा पाहुणा ठेवलाय.

तो तुटला एका सकाळी, मुलांच्या बॅचमध्ये. दोन पोरं एकमेकांचे पाय ओढत होती. बाईंनी शिट्टी दातांत पकडली, जोरात वाजवली आणि त्याच झटक्यात मान वळवली. कट्ट! शिट्टीचा आवाज मधेच फाटला. जिभेवर खडा आला. त्यांनी तो हातावर घेतला, तर ओल्या बोटांतून निसटून पाण्यात पडला.

"मॅडमचा दात पडला!" कुणीतरी ओरडलं, आणि अख्खी बॅच पाण्याखाली गेली.

गेले कित्येक दिवस ज्यांना "अरे, एकदा तरी डोकं आत घाला" म्हणून बाई विनवत होत्या, ती पोरंसुद्धा तळाला जाऊन फरशा चाचपायला लागली. वर येत, श्वास घेत, पुन्हा बुडी मारत. तळातून एक केसांची पिन निघाली, एक बटण निघालं, कुणाच्या तरी चपलेचा पट्टा निघाला. दात काही निघाला नाही. पाणी उपसणाऱ्या यंत्रानं तो गिळला असावा.

बाईंचा हात सवयीनं तोंडावर गेला होता. समोर धापा टाकणारी पोरं, त्यांच्या हातातली पिन आणि पट्टा आणि त्यांचे पडलेले चेहरे. सगळ्यांत पुढे असलेली एक चिमुरडी म्हणाली, "मॅडम, तुम्ही हसताय!"

खरंच, त्या हसत होत्या. हाताआडून, पण खांदे हलेपर्यंत. मग त्यांच्या मनात आलं, जे लपवायचं होतं ते तर गेलं, आता हा हात कशाला? त्यांनी हात खाली घेतला आणि तुटक्या तोंडानं म्हणाल्या, "शोधून झालं असेल तर फळ्या घ्या. पाय मारा."

'फळ्या' म्हणताना फुस्स करून वारा गेला. पोरं खिदळली. बाईंनी पुन्हा तोच शब्द उच्चारला, मुद्दाम, आणखी मोठ्यानं.

घरी आल्यावर त्यांनी आरशात नीट पाहिलं. दात हिरडीच्या रेषेत तिरका तुटला होता. 'त' आणि 'द' म्हणायला जीभ टेकायला जाई आणि पोकळीत घसरे. 'स'ला आपोआप शीळ लागे. नवरा शाळेची गाडी चालवायचा. दुपारी पोरं सोडून आला तेव्हा बाई आरशासमोर बाराखडी म्हणत होत्या.

"दुखतंय का गं?" त्यानं विचारलं.

"दुखत नाही. राग येतोय."

"कुणाचा?"

"त्याचाच. एवढा लपवला, एवढा जपला, आणि साध्या शिट्टीला घाबरून पळाला."

मोठ्या नणंदबाई त्यांच्याकडेच राहत. त्यांचा शब्द घरात सहसा कुणी मोडत नसे. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "वहिनी, तोंड उघड बघू. हं. यात आता काही राम नाही. उरलासुरला उपटून टाक आणि तिथं खोटा अडकव. मी काढले नाहीत का सगळे? कवळीवर अडलं का काही माझं? आणि या वयात तुला दात दाखवायचेत कुणाला?"

"ज्याला बघायचेत त्याला," बाई म्हणाल्या.

"हे बघ, उलट बोलू नकोस."

"उलट नाही हो वन्सं, दात नाही म्हणून तसं ऐकू येतंय."

नवऱ्यानं तोंड फिरवून हसू गिळलं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिनं फोनवरच एक दवाखाना शोधून वेळ घेऊन दिली. काचेची दारं, मंद संगीत, भिंतीत माशांची पेटी. डॉक्टर तरुण होता, अदबीनं बोलत होता. त्यानं बाईंचा फोटो काढला, पडद्यावर बोटं फिरवली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर बाईंचाच चेहरा होता आणि त्यात सहा शुभ्र, एका मापाचे दात.

"बघा, या तुम्ही."

बाईंनी निरखून पाहिलं. "ही मी नाही. ही माझी धाकटी जाऊ दिसतेय."

डॉक्टर हसला. मग त्यानं समजावलं. मूळ काढून टाकायचं, तिथं हाडात स्क्रू बसवायचा, त्यावर नवा दात. आणि एक नवा बाकीचे जुने असं बरं दिसत नाही, म्हणून शेजारचेही थोडे घासून त्यांच्यावर कॅपा.

"शेजारच्यांनी काय वाईट केलंय?"

"एकसारखं दिसावं म्हणून."

"आणि मूळ? ते किडलंय का? हलतंय?"

"तसं नाही. पण त्यावर मेहनत घेण्यात फारसा अर्थ नाही. या वयात सोपा मार्ग बरा."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या परीनं तो बरोबरच सांगत होता, आणि कितीतरी जणांना तेच हवं असतं. पण 'या वयात' हे दोन शब्द बाईंनी एका आठवड्यात दुसऱ्यांदा ऐकले होते. त्या खुर्चीतून उतरल्या आणि गळ्यातला कागदी रुमाल तसाच ठेवून रस्त्यानं चालत घरी आल्या. वाटेत लोक बघत होते. बघू देत, म्हणाल्या.

तलावावरच्या संध्याकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये एक नर्स येत असे. बाईंचं तोंड बघून तिनंच सांगितलं, "दातांच्या कॉलेजात एक डॉक्टरीणबाई आहेत, मॅडम. दात उपटायच्या आधी दहा वेळा विचार करतात. पण तोंडाच्या फटकळ आहेत हं."

"चालेल," बाई म्हणाल्या. "मीही आहे."

कॉलेजचा दवाखाना म्हणजे एक लांबलचक दालन होतं. ओळीनं खुर्च्या, मध्ये हिरवे पडदे, जागोजागी यंत्रांची किरकिर आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. बाईंच्या वाट्याला आलेल्या खुर्चीच्या हातावर चिकटपट्टी लावलेली होती. डॉक्टरीणबाई आल्या, तोंडात आरसा घातला, एक्स-रे काढायला पाठवलं, आणि तो उजेडाला धरून निरखला.

"रूट कॅनाल करून किती वर्षं झाली?"

बाईंनी सांगितलं.

"आणि कॅप बसवायला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय, नाही बसवली."

"छान!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता ऐका. मूळ लांब आहे, चांगलं आहे, चीर दिसत नाही. पण तुटलंय हिरडीच्या आत. कॅपला धरायला खऱ्या दाताची थोडी तरी कड बाहेर लागते, चहूबाजूंनी. ती नसताना आत नुसती खुंटी ठोकून वर कॅप बसवली, तर आज ना उद्या खुंटी हलणार आणि मूळ उभं फाटणार."

"मग?"

"मग एकतर काढायचं. नाहीतर मूळ थोडं खाली ओढून घ्यायचं."

"ओढायचं म्हणजे उपटायचंच की."

"उपटणं एका झटक्यात होतं. हे मनधरणीनं करायचं. आतलं जुनं भरण आता लाळेनं खराब झालंय, ते आधी काढून पुन्हा स्वच्छ भरायचं. मग मुळात एक हूक चिकटवायचा, शेजारच्या दातांवर तार लावायची, आणि रबरानं हळूहळू खाली आणायचं. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं खाली आलं तरी पुरे. त्यात आठवडे जातील. मग ते तिथं मुरू द्यायचं. मग खुंटी, मग कॅप. आणि एवढं करूनही टिकेलच असं मी लिहून देणार नाही. मध्येच तडकलं तर काढावंच लागेल. घाई आहे का तुम्हाला?"

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "हट्ट आहे."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच एक्स-रेवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "मग बसा. आ करा."

जुनं भरण निघालं, नवं बसलं. त्यासाठी तोंडावर रबराचा पडदा ताणून बाईंना तासन् तास उताणं पडावं लागलं. पाण्यात श्वास रोखणाऱ्या बाईला ते काही जड गेलं नाही. पुढच्या खेपेला तार आणि हूक लागला. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तारेला पुढून एक खोटा दात अडकवून देते. कुणाला काही कळणार नाही."

"नको."

"का? सगळे मागतात."

"लपवून झालंय माझं. भरपूर झालंय."

डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले. "तुमचं तोंड. पण शिट्टी दातात धरायची नाही, आणि समोरच्या दातांनी काही तोडायचं नाही."

तलावावर त्या वर्षी नव्या फरशा बसल्या होत्या आणि नवे साहेबही आले होते. साहेबांना सगळं चकचकीत हवं असे. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून घेतलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण एक-दोन पालक म्हणत होते, तुमचं बोलणं मुलांना नीट कळत नाही. शिवाय ते... तार वगैरे... लहान मुलं बिचकतात. तुमचं हे काम पूर्ण होईपर्यंत तुम्ही जरा आराम करा. काउंटरवर बसा. मुलांची बॅच आपण दुसऱ्या कुणाला देऊ."

बाई थोडा वेळ त्यांच्याकडे डोळे न हलवता बघत राहिल्या. साहेबांनी पाण्याचा पेला उगीच सरकवला.

"मी दातांनी पोहायला शिकवत नाही, साहेब."

"तसं नाही हो मॅडम, पण दिसायला..."

"बरं. काउंटर म्हणताय ना? बसते."

साहेबांना वाटलं, प्रकरण सहज मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कळलं की ते मिटलेलं नाही. पाण्यात बाईंचं तोंड बघायला पंधरा-वीस पोरं होती, तीही निम्मा वेळ पाण्याखाली. काउंटर तर दारातच. तलावावर येणारा प्रत्येक माणूस आधी तिथं उभा राहायचा. आणि मगरबाई, ज्या इतक्या वर्षांत कुणाकडे बघून हसल्या नव्हत्या, त्या आता येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होत्या. तोंडभर. मध्ये काळी पोकळी, त्यात हूक, वर आडवी तार.

"या! पास दाखवा. टोपी आणलीय ना?"

म्हातारे फिरायला म्हणून आत डोकावत, ते दचकत. पोरं मुद्दाम दोनदा पास दाखवायला येत. एका काकांनी घाबरत विचारलं, "मॅडम, अपघात झाला का?" बाईंनी त्यांना पुढे वाकून हूक नीट दाखवला, रबर कसं लावलंय ते समजावून सांगितलं. काकांच्या मागे रांग लागली. रांगेतल्या लोकांनाही बघायचं होतं. एका बाईनं स्वतःचं तोंड उघडून विचारलं, "माझ्या या दाढेला असं करता येईल का हो?" तिलाही बाईंनी कॉलेजचा पत्ता सांगितला. साहेब आपल्या काचेच्या खोलीतून हे सगळं बघत होते. नव्या फरशांचं कौतुक करायला आलेला एक मोठा पाहुणा काउंटरपाशी आला, तेव्हा बाईंनी त्याचंही तसंच तोंडभर स्वागत केलं.

चार दिवस गेले नसतील. साहेब स्वतः काउंटरपाशी आले. "मॅडम, मुलं विचारतायत तुमच्याबद्दल."

"हो का?"

"नवीन माणसाचं ती ऐकत नाहीत."

"अरेरे."

"तर उद्यापासून..."

"उद्या कशाला? बॅग इथंच आहे," असं म्हणून बाई उठल्या आणि कपडे बदलायला गेल्या. शिट्टी आता ओठांत धरायची होती आणि शब्द निसटत होते, म्हणून त्यांनी पोरांना हातांच्या खुणा शिकवल्या. मूठ म्हणजे थांब, पंजा म्हणजे पाय मार, दोन बोटं म्हणजे मागे फिर. खुणा कळल्या नाहीत असा बहाणा कुणालाच करता येईना.

घरी नणंदबाईंची कुरकुर चालूच होती. एका संध्याकाळी त्या मोरीपाशी कवळी धूत होत्या आणि बाई बाजूला आरसा धरून रबर बदलत होत्या.

"वहिनी, किती गं हा छळ! कशासाठी?"

"मूळ माझं आहे ना वन्सं. चांगलं आहे म्हणतात. मग ते का टाकू?"

नणंदबाईंचे हात थांबले. कवळी काढली की त्यांचे गाल आत जात आणि त्या एकदम वेगळ्या, बारीक दिसायला लागत. तशाच तोंडानं त्या बोलल्या, म्हणून शब्द थोडे उशिरा कळले.

"माझे सगळे खराब नव्हते गं. चारच दुखत होते. पण दर महिन्याला कोण दवाखान्यात नेणार, म्हणून घरातले म्हणाले एकदाच सगळे काढून टाकू. डॉक्टर तयार झाले. मी खुर्चीत बसले. मला कुणी विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही." त्यांनी नळ बंद केला. "खालचे समोरचे तर नुसते मोत्यासारखे होते."

बाईंनी आरसा खाली ठेवून टॉवेल पुढे केला.

नणंदबाईंनी तोंड पुसलं, कवळी बसवली, आणि पुन्हा नेहमीच्या नणंदबाई झाल्या. "हलतंय का तुझं ते मूळ?"

"येतंय खाली."

"दाखव. अशी नको, उजेडात ये. थांब, चष्मा आणते."

त्या दिवसापासून दर दोन-चार दिवसांनी दिव्याखाली तपासणी सुरू झाली. नणंदबाई चष्मा लावून आत बघत आणि भावाला निकाल सांगत, "आलं बरं का, कालच्यापेक्षा आलं." मधे एकदा हिरडी सुजली आणि आता हे मूळ जाणार अशी सगळ्यांना धास्ती वाटली. डॉक्टरीणबाईंनी रबर सैल केलं, थोडे दिवस थांबवलं, आणि पुन्हा लावलं. त्या दिवसांत बाई घरात कुणाशी धड बोलत नव्हत्या. तलावावर मात्र त्या तशाच तोंडानं गेल्या.

शेवटी एकदाची कड बाहेर आली. ती तिथं मुरल्यावर डॉक्टरीणबाईंनी मुळात काचेच्या धाग्यांची बारीक खुंटी बसवली, तिच्याभोवती पांढरं भरण लावून दाताचा छोटा बुंधा उभा केला, माप घेतलं, खिडकीच्या उजेडात दातांचे नमुने शेजारी धरून रंग ठरवला. पुढच्या खेपेला कॅप आली. चिकटवायच्या आधी नुसती बसवून पाहायची म्हणून डॉक्टरीणबाईंनी ती जागेवर ठेवली आणि आरसा दिला.

देखणी होती. सरळ, नितळ. शिकणारी पोरंपोरी खुर्चीभोवती जमली होती, ती "वा!" म्हणाली.

बाईंनी आरसा डावीकडून धरला, उजवीकडून धरला. "हा कुणाचा दात आहे?"

"म्हणजे? तुमचाच."

"माझा वाकडा होता. उजव्यावर थोडा चढलेला."

"अहो, लोक वाकडे दात सरळ करून घ्यायला येतात!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "दात बनवणाऱ्या माणसानं मुद्दाम सरळ करून दिलाय."

"त्यांचे आभार मानते. पण शेजारचा दात जन्मभर याच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. हा असा ताठ उभा राहिला, तर तो बिचारा वाकडा दिसायला लागला. मग त्यालाही सरळ करा म्हणाल. मला माझं तोंड परत हवंय, डॉक्टर. दुसरं नकोय."

डॉक्टरीणबाई कॅप काढून डबीत टाकत म्हणाल्या, "कसा होता ते दाखवा. जुना फोटो आणा."

तिथंच गाडं अडलं. लग्नात बाईंनी लाजून मान खाली घातली होती. त्यानंतरचे फोटो पोरीचे, बाई कुठं तरी कडेला. आणि दात काळा पडल्यावर तर मिटलेला ओठ. घरात फोटोंच्या पिशव्या उपसून झाल्या. नवऱ्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला आणि चुकीचा दात सांगितला. त्यावरून बाईंनी त्याला जे ऐकवलं, ते इथं नको.

"मी येते," नणंदबाई म्हणाल्या. "मला पक्का आठवतो."

दुसऱ्या दिवशी त्या इस्त्रीचं पातळ नेसून कॉलेजात हजर झाल्या. दात बनवणारा तंत्रज्ञ खालच्या मजल्यावरून मुद्दाम वर आला होता, कारण 'वाकडा करा' असा निरोप त्याला आजवर कुणी धाडला नव्हता. नणंदबाईंनी दोन बोटं एकमेकांवर चढवून त्याच्यापुढे धरली. "असा. डावा उजव्यावर. पण सगळा नाही, एवढीशी कड. आणि बाहेरचा कोपरा किंचित आत, कुशीवर झोपलेल्या पोरासारखा."

"एवढं अचूक कसं आठवतंय तुम्हाला, आजी?" त्यानं विचारलं.

नणंदबाई जराशा घुटमळल्या. "हिला बघायला गेलो होतो ना, तेव्हा घरी येऊन भावाला मीच सांगितलं होतं, मुलगी बरी आहे, पण पुढचा दात वाकडा आहे, नको म्हण."

बाईंनी हळूच मान वळवली. "आणि मग?"

"मग काय! तो म्हणाला, तोच तर आवडला."

हिरव्या पडद्याआड कुणीतरी फस्सकन हसलं. बाई लाजल्या, आणि लाज झाकायला त्यांच्याकडे नेहमी असायचा तोच इलाज होता. त्या नणंदेवर ओरडल्या, "आणि हे इतक्या वर्षांनी सांगताय होय, वन्सं?"

दुसरी कॅप आली ती बोटांनी दाखवल्याबरहुकूम आली. रंगही थोडा उतरलेला, शेजाऱ्याला शोभेल असा. डॉक्टरीणबाईंनी ती चिकटवली, कडा पुसल्या, चावून बघायला लावलं आणि बजावलं, "सफरचंद कापून खायचं. शिट्टी ओठात. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं. आणि यावेळी राहून गेलं म्हणून सांगत आलात तर याद राखा."

"किती टिकेल?"

"दहा वर्षं टिकेल. दोनच टिकेल. तुमच्या हट्टावर आहे."

"मग टिकेल," बाई म्हणाल्या.

त्या तिथून घरी न जाता तडक तलावावर गेल्या. आणि तिथं एक वेगळीच पंचाईत झाली. त्यांना आता हसू नाकातून सोडता येईना. इतकी वर्षं कोंडलेलं सगळं एकदम बाहेर पडायचं. जिन्यावरून पत्र्याची बादली गडगडत यावी तसं त्यांचं हसणं सगळ्या तलावावर घुमायचं. एखादं पोरगं पाण्यात वेडंवाकडं पडलं की बाई हसणार, आणि बाई हसल्या की सगळी बॅच हातपाय सोडून हसणार. पोरांचा धाक पार गेला. बाईंनी डोळे वटारून पाहिले, खुणा करून पाहिल्या, पण ज्यांनी मगरीला हसताना पाहिलंय ती पोरं कशाला घाबरतात? आता त्यांना शिस्त लावायला दुप्पट पोहावं लागे, आणि त्या दुप्पट पोहत.

आठवड्याभरात साहेबांकडे पुन्हा तक्रार गेली. साहेब कठड्यापाशी आले, नवे बूट ओल्या फरशीपासून जपत. "मॅडम, म्हणजे दात फार छान बसलाय हं. फक्त एक विनंती होती. पालक म्हणतात, तुम्ही हल्ली फार मोठ्यानं हसता. जरा हळू..."

मगरबाई गळ्यापर्यंत पाण्यात होत्या. त्या तशाच, रेघ न उमटवता, कठड्यापाशी आल्या आणि खालून साहेबांकडे पाहत राहिल्या.

"साहेब, दात बसवून घेतलाय," त्या म्हणाल्या. "कुलूप नाही."

मग त्यांनी शिट्टी ओठांत धरली आणि अशी वाजवली की साहेब दोन पावलं मागे सरले. उथळ बाजूला पोरांनी फळ्या उचलल्या आणि पाणी उडवत पाय मारायला सुरुवात केली.